परसातलं लोखंड

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण म्हणजे तुझा भाऊ खजिना शोधायला लागला आहे. हसू नकोस. परसात फरशी घालायची आहे आणि नळाची जुनी लाइन कुठून गेली हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ऑफिसातलं धातू शोधायचं यंत्र घरी आणलं. रस्त्याखालचे पाइप शोधण्यात माझी उमर चालली आहे, म्हटलं एकदा घरचाही शोधू. पाइप राहिला बाजूला. यंत्र भलत्याच जागी कोकलायला लागलं आणि खणल्यावर तीन वस्तू निघाल्या, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी.

एक पितळेचा गोळा, लिंबाएवढा, खाली आटे पाडलेलं भोक. दुसरी लोखंडी पट्टी, टोकाला चोचीसारखी वाकलेली. तिसरा नुसता गंजाचा गठ्ठा, जड, मधून आरपार भोक. वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा गिरवल्या आहेत, तो कागद सोबत पाठवतो. माझ्या मते गोळा एखाद्या सरदाराच्या तलवारीचा असणार. तू म्हणशील याच्या डोक्यात भुसा भरलाय. पण आईला दाखव, तिने या घरात संसार केलाय, तिला काही आठवेल.

चिमी एकेक वस्तू घासून खिडकीत मांडते. तिच्या आईची मात्र यंत्र आणल्यापासून भुणभुण चालू आहे, माझ्या भाजीच्या वाफ्याकडे फिरकू नका म्हणून. परवा ती न्हाणीघरात पडली, मनगट सुजलंय, त्यामुळे भांडी माझ्या गळ्यात. आईला नमस्कार. लोभ आहेच, त्यात लवकर उत्तराची भर घाल.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा कागद आईला दाखवला. तिने त्या गिरवलेल्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. मी दुकानातले दोन ब्लाउज शिवून होईपर्यंत बाहेर आली नाही. मग म्हणाली, त्याला लिही, आता तो लहान नाही.

गोळा बाबांच्या काठीच्या मुठीचा. त्या मुठीने त्यांनी आईचा जबडा मोडला, महिनाभर तिला चमच्याने पातळ पाजत होते मी. पट्टी म्हणजे सांडशीचा एक पाय. मी मधे पडले म्हणून बाबांनी ती शेगडीवर लाल केली आणि माझ्या पोटरीवर दाबली. उचलली तेव्हा कातडी तिच्याबरोबर आली. तुला आम्ही सांगत आलो की ताई शेगडीवर पडली. तिसरं हातोडीचं डोकं. आईची दोन बोटं मिटत नाहीत त्याला तू संधिवात म्हणतोस. बाबांनी तिचा हात उंबरठ्यावर दाबून धरला होता, आणि आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू आला.

ज्याने मार बसला ती वस्तू आई परसात पुरायची. बाबांनी विचारलं की हरवली म्हणायची, आणि हरवल्याबद्दल वेगळा मार खायची. पण तीच वस्तू दुसऱ्यांदा अंगावर येऊ द्यायची नाही, एवढा एकच हट्ट तिने केला. तू तेव्हा रांगत होतास. पुढे बाबांना झटका आला, हात लुळे पडले. तुला भेटले ते त्यानंतरचे बाबा.

आता एक विचारते. वहिनीचं मनगट न्हाणीघरात सुजलं हे मी मानते. पण मागे ती इकडे आली तेव्हा तिच्या मानेवर बोटं उमटली होती, ती कुठल्या न्हाणीघरातली? यंत्र परत देऊन टाक आणि मला खरं काय ते कळव. माया कमी झालेली नाही, म्हणूनच विचारते आहे.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही. मला शेजारी घेऊन गोष्टी सांगत झोपवणाऱ्या माणसाबद्दल तू हे लिहितेस, आणि तेही तो उत्तर द्यायला नसताना! पत्र मी बायकोसमोर मोठ्याने वाचलं. ती पांढरीफटक पडली. आधी वाटलं, ऐकून वाईट वाटलं असेल. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

माझी पोलादी टॉर्च, लांब, तीन सेलची, गेल्या पावसाळ्यापासून सापडत नाही. हरवली असं मला सांगण्यात आलं. मी घर उलटंपालटं केलं, गड्यावर आळ घेतला. आणि वाफ्याकडे फिरकू नका म्हणे! मी रागीट आहे, नाही म्हणत नाही. एखादी लगावली असेल. पण घरच्या माणसाने मला बनवायचं? तुझ्या पत्राचा हा एवढा उपयोग झाला, आभारी आहे. हे पाकीट पेटीत टाकून येतो आणि यंत्र घेऊन वाफ्यात उतरतो.

धाकटा


१९ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माझ्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाई लिहून देत आहेत. चिमी शेजारणीकडे सुखरूप आहे, आधी ते सांगते.

यंत्र वाफ्यात लगेच वाजलं. यांनी रोपं उपटून फेकली, फावडं मारलं आणि टॉर्च वर काढली. मी पुरताना फडक्यात गुंडाळली होती, त्यामुळे गंज चढला नव्हता. यांनी ती विजारीला पुसली आणि मला विचारलं, ही काय आहे ते ओळख. मी टॉर्च म्हणाले. हे म्हणाले, नीट ओळख. मग पहिला घाव खांद्यावर आला. दुसरा अडवायला हात वर केला, तो कोपराखाली मोडला. मी चिखलात पडले तरी हे थांबेनात. दोन दात गेले, कपाळाला टाके आहेत. चिमी खिडकीतून ओरडत होती. शेजारीण भिंतीवरून उतरली आणि तिने यांच्यावर पाण्याची बादली फेकली, तेव्हा टॉर्च हातातून पडली. तिने ती उचलून आपल्याकडे ठेवली आहे.

सासूबाई असं करायच्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला आपलं एकटीलाच सुचलं असं वाटत होतं.

हे रोज फळं घेऊन येतात, पायाशी बसून रडतात. तीन दिवसांनी दवाखान्यातून सोडणार आहेत. हे घरी चल म्हणतात. वन्सं, मी जाऊ का? तुम्ही जा म्हणालात तर जाईन, पण या खेपेला मी उठणार नाही असं मला वाटतं. आपली आठवण असू द्या.

आपली,
वहिनी


२४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही.

तुझं पत्र टपालात रखडलं, ते आणि तिचं पत्र मला एकाच दिवशी मिळालं. जे मी तिला लिहायला हवं होतं ते तुला लिहिलं, आणि तू ते वाचून थेट वाफ्यात गेलास. त्याची आग माझ्या पोटात आहे, ती विझायची नाही.

दवाखान्यातून सोडायच्या आत मी तिथे पोहोचले. वहिनी आणि चिमी माझ्याकडे आहेत. तू येऊ नकोस. दार उघडणार नाही, आणि गल्लीतल्या सगळ्यांना का ते सांगून ठेवलं आहे. चिमी ताट वाजलं तरी टेबलाखाली जाते.

काल आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिला खुर्चीवर बसवत नव्हतं, बरगडीला मार आहे, तरी तिने उभ्याने सगळं सांगितलं. शेजारणीने दिलेली टॉर्च मी टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, ही कुणाची? वहिनी माझ्याकडे बघायला लागली आणि माझीही जीभ रेटेना, तू कितीही झालं तरी पाठचा भाऊ. आई कोपऱ्यात बसली होती. ती उठून टेबलापाशी आली, टॉर्च उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, माझ्या मुलाची आहे, लिहून घ्या.

ताई