दोन्ही वायरी एकाच खांबावर

मिताली,

नवा राउटर आज मागवू नकोस. तुझ्या सत्यजीतने आणलेला राउटरचा डबा बिघडलेला नाही. एक नेट गेलं की तो काम दुसऱ्यावर वळवतो. पण दुसरं असायला तर हवं!

सकाळी बिल्डिंगमधल्या पोरांना गच्चीवर नेलं. म्हटलं, आपल्या घरातून दोन कंपन्यांच्या दोन वायरी निघतात, त्या कुठवर जातात ते शोधा. आपली आभा कठड्यापाशी ओरडली, "आजोबा, ह्या तर मैत्रिणी आहेत, हातात हात घालून चालल्यात!" दोन्ही एकाच पाइपातून उतरून गेटबाहेरच्या एकाच खांबावर जातात. कंपन्या दोन, पण वायर ओढणारा केबलवाला एकच. परवा डंपरने तो खांब पाडला आणि काल तो पुन्हा उभा होईपर्यंत तुझ्या घरच्या ऑफिसातल्या चौघीजणी हात बांधून बसल्या. हॉस्पिटलसाठी बनवायची बिलं तशीच राहिली. बिचारा डबा वळवणार कुठे?

दुसरं नेट वायरीचं नको, सिमकार्डचं घे. विचुंब्याला माझ्या दोस्ताकडे, विश्वजीतकडे सिमवर चालणारा राउटर पडून आहे, तो आणायला चाललोय. जेवायला थांबू नकोस. आल्यावर जोडू आणि चालू कामात वायर उपटून बघू. अडलं नाही, तर हॉस्पिटलवाल्यांना बेधडक सांग की काम काढून घेऊ नका.

सत्यजीतने डबा पारखूनच घेतला होता. परवापासून तो जेवताना मान वर करत नाही. खांबाचं त्याला मी सांगितलेलं नाही. ते तू सांग.

— बाबा