आईची राहिलेली मुंबई

अप्पा,

येत्या रविवारी आईला मुंबई दाखवायला नेते आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. तुम्ही असतात तर पहिलं काय बोलला असतात ते मला पाठ आहे. "रविवारी लाइट कवा हाये ते बघितलं का?" नाही बघितलं. बघणारही नाही. रान आता वाट्याने दिलंय, पाण्याची मोटर दुसऱ्याची डोकेदुखी झाली आहे आणि तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. मी एसटीत कंडक्टर आहे. रोज माणसांना कुठं जायचंय ते विचारते आणि तिकीट टोचून हातात देते, तुम्ही घरीच राहा असं कुणाला म्हणत नाही. घरातल्या एका बाईला मात्र 'चल' म्हणायला इतकी वर्षं गेली. बाई तुमची बायको होती, म्हणून सगळा राग तुमच्यावर काढायला बसले आहे. नीट ऐका. जिवंतपणी कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती तुम्हाला.

तुमचा तो कागद आठवतोय? जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीनं लिहिलेला. पहाटे चारला निघणे. माळशेजखाली चहा. महालक्ष्मी. राणीची बाग. गेटवे. चौपाटी. प्रत्येकापुढं वेळ लिहिलेली, अगदी पाच-पाच मिनिटांची. दर उन्हाळ्यात तो कागद निघायचा आणि तुम्ही ओट्यावर बसून तो वाचून दाखवायचा, जसं काही मुंबई तुमच्या चुलत्याची आहे. पण दिवस ठरायचा तो पाण्याच्या मोटरीच्या लाइटवर. रानाला वीज एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात जायचं, रात्री पाणी धरायचं, पहाटे गाडीत बसायचं आणि झोप गाडीतच काढायची, हे तुमचं नियोजन! पहिल्या वर्षी ऐन वेळी पाळी बदलली. दुसऱ्या वर्षी मोटर जळाली. नारायणगावची जीप दारात येऊन उभी राहिली आणि तशीच माघारी गेली. आईनं अंगावरची लग्नातली साडी सोडली, पुन्हा ट्रंकेत ठेवली आणि गोठ्यात शेण काढायला गेली. तुम्ही एका शब्दानं तिला काही म्हणाला नाहीत. वायरमनला मात्र तासभर शिव्या घातल्यात.

आणि गंमत बघा, आपल्या बांधावरून रोज सहली जायच्या. खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या डिश बघायला कुठकुठल्या शाळांची पोरं यायची, पुण्याची, नगरची, डोक्यावर टोप्या, गळ्यात वॉटरबॅगा. आई हातातलं खुरपं टाकून त्यांना कळशीतलं पाणी द्यायची. एकदा एका बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही कुठं कुठं गेलाय फिरायला?" आई हसली आणि म्हणाली, "मी व्हय? आळेफाट्याला, बाजाराला." त्या बाईंना तो विनोद वाटला. मला अजून नाही वाटत.

तिसऱ्या वर्षी मी नववीची परीक्षा दिली होती. मे महिना होता. टोमॅटोची नवी लागण होऊन आठ दिवस झाले होते आणि विजेचा डीपी जळाल्यामुळं सहा दिवस रानाला थेंब पाणी नव्हतं. रोपं माना टाकून पडलेली. आत्या आणि तिचे मालक आदल्या दिवशीच येऊन राहिले होते, पावणं म्हणून त्यांचा मान पहिला. आणि नेमका संध्याकाळी निरोप आला की डीपी बसला, उद्या सकाळी सहापासून दोनपर्यंत लाइट मिळेल. एवढं पाणी चुकलं तर लागण गेली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कुणीतरी मागं राहून दारं धरायला पाहिजे होती, एका सरीतलं पाणी तोडून दुसऱ्या सरीत सोडायला. कुणी राहायचं, हे मात्र रात्री तुम्ही बोलला नाहीत. बोलला असतात तर आईनं निदान पुऱ्या तरी लाटल्या नसत्या.

पहाटे जीप आली. आई पुऱ्यांचा डबा फडक्यात बांधत होती. त्या साडीला तिनं दोन दिवस उशाखाली दाबून इस्त्री केली होती. तुम्ही रानाकडून आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "तू ऱ्हा घरी. पाणी धर."

"मी?" आई म्हणाली. "का बरं?"

"का ते इचारू नको."

"आवं पण..."

"एकदा सांगितलं ना!"

आत्या खाली मुंडी घालून म्हणाली, "वैनी, पुढल्या साली जाऊ की." आईनं डब्याची गाठ घट्ट केली आणि डबा जीपमध्ये नेऊन ठेवला. माझ्या धाकट्या भावाच्या तोंडावरून हात फिरवला. जीप वळली तेव्हा ती फावडं घेऊन रानाकडं निघाली होती, अंगावर तीच साडी, ओचा वर खोचलेला. बदलायलासुद्धा थांबली नाही. तुम्ही पुढच्या सीटवर बसला होता. मागं वळून बघितलं नाहीत.

मुंबईत तुम्ही आम्हाला कागदाप्रमाणे पळवलंत. "चला, चला, येळ व्हतोय." हत्ती बघितला न बघितला तोच पुढं. गेटवेला घड्याळ लावून वीस मिनिटं. भावाला बर्फाचा गोळा हवा होता तर त्याच्यावर डाफरलात. दिवसभर तुमच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. अहो, आणलंत कशाला मग आम्हाला? घरी आलो तेव्हा आईनं चूल पेटवून पाणी तापवलं होतं. पायाला चिखलाच्या भेगा. तुम्ही तिला एवढंच विचारलंत, "समदं भिजलं का?" ती म्हणाली, "भिजलं." बस्स. नंतर मला अंघोळीला पाणी देताना तिनं हळूच विचारलं, "समुद्र कसा व्हता गं?" मी सांगितलं, येडगावच्या धरणासारखा, पण पलीकडं काठच नाही. ती बराच वेळ त्याच्यावर विचार करत बसली.

गावात तुम्ही सांगत सुटलात, "आमी समदी जाऊन आलो." समदी! मग गिरणीत बाया आईला विचारायला लागल्या. नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून ती सांगायची, "लई मोठा समुद्र. आपल्या येडगावच्या धरणावानी, पण पलीकडं काठच न्हाई." मी शेजारी दळणाचा डबा धरून उभी. एका बाईनं विचारलं, "पान्यात उतरली व्हतीस का?" आई क्षणभर गडबडली आणि म्हणाली, "न्हाई बाई, साडी भिजली आसती." असलं खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. ती पाळी तुम्ही तिच्यावर आणलीत.

दोन वर्षांत तुम्ही गेलात. आई रडली, रीतीप्रमाणे सगळं केलं. पण परवा मी मुंबईचा विषय काढला तर गुडघे चोळत म्हणाली, "समदं माफ केलं मी तुझ्या बापाला. मारलंसुदिक एकदा, त्येबी इसरले. पन त्या दिशी चारचौघांत मला मागं ठेवली, त्येचा राग जात न्हाई बघ. का ठेवली, येवढं एकदा इचारायचं व्हतं."

मी बॅगेतल्या तिकिटांची थप्पी लावत राहिले.

ते कारण मला माहीत आहे, अप्पा. तुम्हाला आणि मला, दोघांनाच. त्या पहाटे तुम्ही आधी माझ्याकडं आला होता. मी गोठ्यापाशी नव्या ड्रेसच्या बाह्या सारख्या करत उभी होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, तू ऱ्हा आज. तुला दारं धरता येत्यात. तुझी आय कदी कुठं गेली न्हाई, तिला जाऊ दी. तुला दिवाळीत नेतो." इतक्या मऊ आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. आणि मी म्हणाले, "मी बाजूला बसलेय." आपल्याकडं अडचणीतल्या बाईनं लागत्या भाजीच्या रानात पाय टाकायचा नाही, रोप करपतं म्हणतात. तुम्ही तर ते देवासारखं पाळायचा. तुम्ही एकदम खाली बघितलंत, कानापर्यंत लाल झालात, "बरं बरं" म्हणालात आणि निघून गेलात. बापानं पोरीला यावर दुसरा प्रश्न विचारायचा नसतो, बायकोकडं खात्री करून घ्यायची तर त्याहून नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर बोलले होते मी. मला काहीही झालेलं नव्हतं. मला मुंबई बघायची होती, बस्स. साऱ्या वर्गाला सांगून बसले होते.

आणि महालक्ष्मीच्या पायऱ्यांशी तुम्ही आत्याला म्हणालात, "गर्दी लई हाये, हितनंच हात जोडा." आत्यानं मरेपर्यंत तुम्हाला त्यावरून बोल लावला, मुंबईला नेलं आणि देवीचं दर्शनसुद्धा दिलं नाही म्हणून. मी एकटी बाहेर उभी राहिले असते तर सगळ्यांना कळलं असतं. ते कळू नये म्हणून तुम्ही सगळ्यांनाच बाहेर ठेवलंत. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. पुढं दोन वर्षं जगलात, पण आईला काही सांगितलं नाहीत.

म्हणून तुम्ही मोठे साधुसंत होता असं मी मुळीच म्हणणार नाही. तुम्ही स्वतः राहू शकला असता. ड्रायव्हरला रस्ता माहीत होता, कागद आत्याच्या मालकांना वाचता येत होता. पोरगी नाही तर बायको, पण आपण राहावं हे काही तुमच्या डोक्यात आलं नाही. आणि नीट चार शब्दांत सांगायचं सोडून तिच्यावर खेकसलात. त्यासाठी मी तुम्हाला सोडणार नाही, वर येऊनसुद्धा भांडेन.

रविवारी आईला खिडकीपाशी बसवीन. माळशेजचा घाट उतरेपर्यंत तिला सांगून टाकायचं, असं ठरवलं आहे. पण माझा मला भरवसा नाही. ती पुन्हा विचारेल, का ठेवली असंल गं त्येंनी मला, आणि माझं तोंड उघडलं नाही तर बोल तुम्हालाच लागेल. इतकी वर्षं मी तो लागू दिलाच आहे, आणखी एक रविवार तुमच्या अंगावर घ्या.