चादरींच्या मेसेजमधला प्रश्न

आप्पा, कर्णा बांधलेल्या रिक्षातून तुम्ही सोलापूरभर जाहिराती पुकारायचात. तुम्ही गेल्यावर ती रिक्षा विकली, त्यालाही बरीच वर्षं झाली, पण मी तुमच्याच धंद्यात आहे. चादरींच्या एका दुकानासाठी मोबाईलवरच्या जाहिराती लिहिते. घरात बसून, एकटीच. आई गेल्यापासून या दोन खोल्यांत मी आणि फोन. वाचणारा अंगठ्याने भराभर पुढे सरकत असतो, माझी चादर त्याच्या डोळ्यांसमोर जेमतेम एक ओळभर थांबते. तेवढ्यात सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं.

हे तुम्ही मला आधीच शिकवलं होतं, ओरडून. कॉलेजात असताना एका सेलची जाहिरात मी तुम्हाला लिहून दिली, चांगली नटवून-थटवून. तेलुगू विणकरांच्या वस्तीत तुम्ही ती वाचायला घेतलीत आणि गल्ली संपली तरी चादरीचं नाव निघेना. माईक बंद करून माझ्याकडे वळलात. "आधी काय विकतोय ते सांग की! तुझं कौतुक ऐकायला कोण थांबतंय हितं?" मी रडकुंडीला आले. मग कोपऱ्यावर रिक्षा थांबवून तुम्ही नेहमीसारखं दारातल्या बायकांना विचारलंत, आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या तेलुगूत, "जेवलाव का?" तेही कर्ण्यातूनच! बायका हसतात, एकजण चहा आणते, माझ्याही हातात कप देते आणि ही तुमचीच लेक का म्हणून विचारते. ती गल्ली मला अजून दिसते.

माझ्या ओळींचं पुढे काय होतं ते मला कळत नाही. दुकानाच्या नावाने मेसेज मीच सोडते, पण उत्तरं जातात दुकानाच्या फोनवर. मेसेज गेल्यावर मला फक्त मालकांचा 'ओके' येतो.

गेल्या आठवड्यात राहवलं नाही. थंडीसाठीचा मेसेज नीट लिहिला. पहिल्या ओळीत डबल चादर, दुसरीत भाव, खाली दुकानाचा पत्ता. आणि शेवटी, कुणाला न विचारता, "जेवलात का?"

दुपारी मालकांचा फोन आला. "मॅडम, काय लिहिलंय हो तुमी? सकाळपासून दुकानाच्या फोनवर नुसती आमटी-भाकरी चाललीय! होटगीच्या एक आजी मलाच विचारतायत, तुमी जेवलाव का म्हणून. चादरीचं कुणी बोलंना. परत असलं केलं तर दुसरं माणूस बघावं लागंल."

"ती उत्तरं मला पाठवता का?"

"पुसली की सगळी. गिऱ्हाइकाचा मेसेज सापडंना त्यात."

मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांचा राग आला, आणि मग लई एकटं वाटलं, आप्पा. त्या आजींना कुणी उत्तर दिलं नसणार. मी दिलं असतं.

आजच्या मेसेजमध्ये प्रश्न नाही. मालक खूश आहेत.

हे पत्र कुठे पाठवायचंच नाही, म्हणून एक सांगते. मेसेज फोनवर कसा दिसतो ते बघायला मी गिऱ्हाइकांच्या यादीत माझाही नंबर घालून ठेवते. त्या दिवशी तो मलाही आला. मीच लिहिलाय हे माहीत असून मी दुकानाच्या नंबरावर उत्तर पाठवलं, "नाही अजून." मग फोन हातातून खाली ठेवला नाही. दुपारी त्यावर मालकांचं नाव दिसलं, तेव्हा मला वाटलं, जेवून घ्या म्हणून सांगायलाच फोन केलाय.