शंभर टक्के विन रेट

३ जून
आजपासून शेअर मी नाही, बॉट घेणार, बॉटच विकणार, म्हणजे कॉम्प्युटरवरचा आपोआप चालणारा प्रोग्राम. मी नुसता बघणार. निकष एकच, महिनाअखेरचा निव्वळ नफा. काही झालं तरी तो बदलायचा नाही. मोठ्या घराच्या डिपॉझिटचे पैसे लावलेत. बायकोला म्हटलं, तीस तारखेला वाढवून परत देतो. लेकीला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळणार. तिने भिंतीचा रंगसुद्धा निवडून ठेवलाय.

७ जून
नफा उणे. पण नुसता नफा काय, कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा बघतो. घेतलेल्या जोखमीच्या मानाने किती सुटलं, ते खरं. निकष बदललेला नाही, सुधारलाय.

१२ जून, सकाळी
त्या मानानेही उणे. चहा दोनदा गार झाला. बायको म्हणाली, स्क्रीनकडे टक लावून आकडा वाढतो का? तिला बाजारातलं ओ की ठो कळत नाही.

दुपारी
सापडलं. विन रेट. विकलेल्यांपैकी किती फायद्यात सुटले, बस्स. बॉटला नवा नियम घातला, तोट्यातला शेअर विकायचाच नाही. विकला नाही तर तोटा कसला?

१९ जून
विन रेट शंभर टक्के. ऑफिसातल्या टकलूला दाखवला. म्हणाला, आणि न विकलेले किती पडलेत? काही लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही. माझा पाय सारखा हलतो, त्याने टेबल हलतं, अशी घरात तक्रार आहे. पाय उत्साहाने हलतो.

२४ जून
नव्या घरमालकाला होकार कळवला. पैसे न विकलेल्यांत अडकलेत. तात्पुरते.

२८ जून
लेकीची चाचणी झाली. तीन विषय, तिन्हींत पास. गणित आणि विज्ञान कुठे, असं विचारलं. म्हणाली, ते पेपर अवघड होते, मी बाईंना दिलेच नाहीत. दप्तरात आहेत. दिले नाहीत तर नापास कशी होईन, बाबा?

चांगली झापणार होतो. बायको माझ्याकडेच बघत होती. ताट पुढे ओढलं.

३० जून
सगळं विकलं. डिपॉझिट निम्म्यावर आलं. घरमालकाला नकार कळवला. लेक आली. रंगाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून गेली. फार लागलं मनाला.

संध्याकाळी
विन रेट पुन्हा काढला. अठ्ठेचाळीस. शाळेत पस्तीसला पास करतात.