डिकीवर न टिकणारी पाटी

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा नमस्कार. (राग तुझ्यावर नाही, म्हणून वाकून.) तुझी कंबर, वहिनींचा गुडघा आणि तुझ्या अशिलांची भांडणं, सगळं बरं चाललं असेल असं धरून चालतो, कारण जास्त चौकशी करण्याइतकं माझं डोकं आज ठिकाणावर नाही. दादा, माझी नवी गाडी नवी नाही!

या वयात मी गाडी शिकतोय हे तुला माहीत आहेच. मागे ‘शिकाऊ’ अशी चुंबकाची पाटी लावली की लोक जरा दयेने हॉर्न वाजवतात. तर ती पाटी डिकीवर टिकेचना. लावली की घसरली. मी पाटीवाल्याशी भांडून ती बदलून आणली, तीही पडली. पुन्हा भांडलो. (आता मला लांबून पाहिलं तरी तो शटर ओढतो. त्याची माफी मागायची आहे, पण दुकान उघडं सापडत नाही.) शेवटी हिने तीच पाटी बॉनेटवर लावली, दारांवर लावली. तिथे ती घोरपडीसारखी चिकटली! ही म्हणाली, खोट पाटीत नाही, गाडीत आहे. मी तिला वेड्यात काढलं आणि गाडी गुपचूप मेस्त्रीकडे नेली. त्याने डिकीवर बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. आत चेपलेला पत्रा, त्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जाड थापलेली, वरून झकास रंग; मग चुंबक पत्र्याला धरणार कसा? म्हणजे मला विकण्याआधीच माझ्या कोऱ्या गाडीला कुणीतरी मागून सणसणीत ठोकलं होतं.

तसाच शोरूममध्ये गेलो. गाडी घेताना जे सरबत घेऊन मागे फिरत होते, त्यांनी साधी खुर्ची दिली नाही. मॅनेजर म्हणतो, गाड्या आणताना थोडंफार लागतंच, उलट तुम्हाला रंगाचे दोन थर जास्त मिळाले. चोर तो चोर, वर शिरजोर! वर सीटची कव्हरं फुकट देऊ म्हणाला. मी म्हटलं, आधी सांगितलं असतं तर घ्यायची की नाही ते मी ठरवलं असतं. तुम्ही लपवून विकलीत. आता गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, हा माझा हक्क आहे, मी भीक मागत नाही. तर म्हणे, आमच्या वकिलांशी बोला, त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलंय. दादा, जन्मभर लोकांच्या गाड्यांत अंग चोरून बसलो. ही पहिली माझी. म्हणून जीव जळतो रे.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुझ्या नावाच्या कागदावर त्यांना एक कडक नोटीस धाड. त्यांचा वकील कोण टिकोजीराव आहे तोही कळू दे.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात त्यांच्याच वकिलाची नोटीस आली. ‘सदर इसमास वाहन चालवता येत नाही, साधी पाटीही लावता येत नाही, व त्याचा स्वभाव मूळचाच भांडखोर दिसतो.’ खाली सही तुझी! न वाचता केलीस की वाचून? कुठलं उत्तर जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

ता. क. ३ : नोटीस आईला वाचून दाखवली. माझी केस तिने घेतली आहे. दुपारच्या गाडीने ती तुझ्याकडे निघाली.