खोलीच्या तापमानाची वाईन

३ मे
साहेब पुढच्या महिन्यात रिटायर होताहेत. त्यांची खुर्ची कोणाला द्यायची, ते तेच सुचवणार. नावं दोनच: मी आणि टायवाला. (हा प्राणी भर उन्हाळ्यातही टाय बांधून येतो.) आज कॅन्टीनमध्ये साहेब म्हणाले, या उकाड्यात जेवणाबरोबर कोणती वाईन घ्यावी तेच कळत नाही. मी म्हणालो, माझ्यावर सोडा, शनिवारी सहकुटुंब जेवायला या. टायवाल्याचा घास हातातच राहिला.
वाईन मी आजवर एकदाच प्यायलोय. पण विषय समजायला असा कितीसा वेळ लागतो?

४ मे
मासिक आणलं. म्हणे, उन्हाळ्यात हलकी पांढरी किंवा गुलाबी वाईन घ्यावी, मासे आणि सॅलडबरोबर छान लागते. हे सर्वसामान्यांसाठी असावं. गुलाबी काहीतरी पुढे करून कोणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही. आपण लालच घेणार. भारदस्त. एक वाक्य मात्र पाठ केलं: लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी.

५ मे
दुकानदारानेही गुलाबीच काढली. म्हणाला, या दिवसांत सगळे हीच नेतात. सगळे नेतात म्हणूनच नको, असं सुनावलं. वरच्या फळीवरच्या धूळ खात पडलेल्या लाल बाटल्या घेतल्या. धूळ म्हणजे मुरलेली.
ही म्हणाली, फ्रिजमध्ये जागा करते. कपाळावर हात मारला. खोलीचं तापमान, बाई, खोलीचं! बाटल्या बेडरूममध्ये कपाटावर ठेवल्या.

६ मे, दुपार
ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा असतो. काळ्या चहावर सराव केला. शर्ट गेला. ही म्हणते, शनिवारी हाच घालणार होतात ना?

७ मे
एक बाटली चाखायला उघडली. सध्या मुक्कामाला असलेल्या सासूबाईंनीही घोटभर घेतली. म्हणाल्या, जावईबापू, हे खोकल्याचं औषध आहे, आणि कढत का केलंय? मी समजावलं, वाईनच्या भाषेत याला बॉडी असणं म्हणतात. त्या म्हणाल्या, मग बॉडीला ताप आलाय.
बेडरूममध्ये बेचाळीस अंश. एसी लावला तर खोलीचं तापमान खोटं होईल. ही उशी उचलून आईच्या खोलीत झोपायला गेली. मोठ्या कामात माणूस एकटाच असतो.

८ मे, संध्याकाळी
सगळं तयार. गच्चीवर टेबल मांडलंय. फरशी अजून चटके देतेय. हिने भाजलेला मासा, काकडीचं सॅलड आणि कलिंगड ठेवलंय. माझ्या वाईनपुढे फारच मिळमिळीत. आता सांगून उपयोग नाही.

९ मे
कालची संध्याकाळ गाजली! साहेबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मग हिला म्हणाले, वहिनी, थोडा बर्फ मिळेल का? ही उठली. मी तिला बसवलं. साहेबांना समजावलं, लाल वाईनमध्ये बर्फ म्हणजे पाप. ते म्हणाले, अहो, पण मला चालेल. मी म्हणालो, तुम्हाला चालेल हो, वाईनला चालणार नाही. आणि ग्लास पुन्हा भरला. त्यांनी पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी ठाम राहिलो.
साहेब घामाने निथळत होते. साहेबांच्या बाईंचा ग्लास मात्र बघता बघता रिकामा! (ही म्हणते, त्यांच्या खुर्चीमागच्या कुंडीतल्या रोपाने आज मान टाकलीय. ऊनच तसं आहे.)
निघताना साहेब म्हणाले, तुम्ही एकदा ठरवलंत की ठरवलंत. याहून मोठी शाबासकी कोणती? त्यांची खुर्ची जरा उंच आहे. खाली करून घ्यावी लागेल.

१२ मे
टायवाला.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, पण त्या खुर्चीत बसून लोकांचं ऐकावं लागतं, आणि मी संध्याकाळभर नुसता बर्फ मागत होतो हो. मासिकातलं वाक्य ओठांवर आलं होतं. गिळलं.
घरी सांगितलं. हिने उठून बेडरूमचा एसी लावला. ते जास्त लागलं. सासूबाई म्हणाल्या, जेवून घ्या आधी.

१३ मे
टायवाला उद्या पार्टी देतोय. टेबलापाशी येऊन, टाय सैल करत म्हणाला, वाईन कोणती आणू सांगा, तुम्ही जाणकार.
म्हणालो, कोणतीही चालेल. थंड असली म्हणजे झालं.