बाबांचा पहिला नंबर

टेमघर, भिवंडी

तीर्थरूप गोदूआत्येस,

भाविकचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसायला जाणार होतीस, ते जमलं का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे बाबा सोडून सगळे; आणि बाबा तर तुझ्याकडेच खारबावला आहेत. फोन केला की तुझा फोनही तेच उचलतात, माझा आवाज ऐकतात आणि ठेवतात. म्हणून हे पत्र. गुडघ्यांमुळे आईच्या वर्षश्राद्धाला तुला येता आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ पिशवी घेऊन तुझ्या दारात उभा. त्यांनी काही सांगितलं नसणार. मी सांगतो.

आई गेल्यापासून बाबा बोलत नव्हते. (आधीही फार बोलत नसत, पण तेव्हा आई दोघांचं बोलायची.) माणसाने मनातलं रोज थोडं लिहिलं की मन हलकं होतं, असं मला वाटायचं. मी मराठीत एम.ए. आहे, त्यामुळे मला असं वाटतं. मुदस्सिर, माझा शाळेतला मित्र, मोबाइलची ॲप बनवतो. तो म्हणाला, नुसतं लिहायला सांगून कोण लिहील, त्यात खेळ पाहिजे. त्याच्या घरचे लूम आहेत, त्यामुळे त्याला खेळही तसाच सुचला. मनातलं लिहिलं किंवा बोललं की पडद्यावर वीतभर कापड विणलं जातं. एक दिवस चुकला की धागा तुटतो आणि लूम बंद. जितकं मनापासून, तितके गुण. मनापासून म्हणजे काय हे यंत्राला कळेना, म्हणून मुदस्सिरने त्याला दुःखाचे शब्द शिकवले. आणि घरात कोण कितवा आहे, ते सगळ्यांना दिसावं ही कल्पना माझी.

पहिल्याच आठवड्यात कमळाकाकी पहिल्या नंबरावर गेली. (तिला सुनेचा विषय होता.) पंढरीकाका दुसरा. बाबा रोज एवढंच बोलायचे, "ठीक हाय." ॲप विचारायचं, अजून थोडं सांगाल का? बाबा म्हणायचे, "सांगितला ना, ठीक हाय." ते शेवटच्या नंबरावर राहिले. देवळातल्या नारळाच्या लिलावात धाकट्या भावाच्या, पंढरीकाकाच्या, वर बोली नेल्याशिवाय घरी न येणारा हा माणूस. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

मग एकदम बाबांचं कापड वाढू लागलं. बोलणं लांबलचक, आणि हिंदीत. (त्याचं मला नवल वाटलं नाही. गोदामाच्या भाडेकरूंशी बाबा हिंदीतच बोलतात.) ते पहिले आले. कुणाचं काही कुणी वाचणार नाही, असा शब्द मी सगळ्यांना दिला होता. तरी मी वाचलं. 'औरत फोन पर रोती है. पूछती है, कब आओगे.' मला वाटलं, आई त्यांच्या स्वप्नात फोन करते. 'मुन्नी अब चलने लगी है.' मुन्नी म्हणजे त्यांची लाडकी लेक, आपली रुचिका, आणि चालायला लागली म्हणजे सासरी गेली, असा अर्थ मी लावला. एम.ए.ला असे अर्थ लावले की गुण मिळत.

वर्षश्राद्धाची जेवणं झाल्यावर कमळाकाकी म्हणाली, "भावजी त दगडच हाय बाय. डोल्यांन टिपूस न्हाय आला." मला राहवलं नाही. मोबाइल काढून मी बाबांचं सगळं सर्वांसमोर वाचून दाखवलं. बायका रडतील असं वाटलं होतं. कुणी रडलं नाही. पंढरीकाकाने पान चावायचं थांबवलं. काकीने हळूच विचारलं, "मुन्नी कवरी मोठी झाली म्हनायची?" एम.ए. न झालेल्या माणसांनी सरळ अर्थ लावला होता. बाबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले; सकाळी पिशवी भरली आणि तुझ्याकडे. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण मग पहिला नंबर कसा आला, तेही सांगावं लागलं असतं.

ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. वाचनाची गोष्ट कानावर जाऊन आपल्या गोदामाचा वॉचमन रामसजीवन आला आणि त्याने विचारलं, माझ्या घरच्या गोष्टी तुमच्या घरी कशाला वाचल्या? बाबा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर मोबाइल धरत आणि म्हणत, तू तुझं बोल. बायको त्याची, मुन्नी त्याची. मी माफी मागितली. जाता जाता तो म्हणाला, "फोन बंद करके फिर बाबूजी अपना बोलते थे. माताजी का."

काय बोलत, ते मी विचारलं नाही. या सगळ्यात एवढं एकच मला जमलं. जे व्हावं म्हणून मी ॲप केलं, ते गोदामाच्या फाटकाशी होत होतं, आणि ते मीच मोडलं.

तब्येतीला जप. बाबांना मासे खायला घाल, पण मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तुझा,
भाविक

ता.क. ॲप बंद केलं. कमळाकाकी रागावली आहे. बाबा खारबावला गेल्यापासून ती पुन्हा पहिली होती.

आणखी एक. रामसजीवनने आपणहून काकीला मुन्नीचा फोटो दाखवला, गैरसमज मिटावा म्हणून. काकी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नाक त भावजींचाच हाय."

आणि ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. रामसजीवन शनिवारी गावी चालला आहे. तो येईपर्यंत संध्याकाळी फाटकाशी मी बसेन, मोबाइल घरी ठेवून. बाबांना एवढंच सांग, की गोदामावर बसायला माणूस मिळाला आहे. कोण, ते सांगू नकोस. हिंदी बऱ्यापैकी येते, असं सांगितलंस तरी चालेल.